जुन्या गावाची सीडी



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे खूप काही घडलं, पण लिहायला बसलं की सुचायचं नाही. आज मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरातल्यांना ती थोडीफार माहीत आहे, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, जरा लांबण लागणार आहे :)

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी गावाकडून चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, भूकंपात गेलेल्यांची नावं दगडात कोरून घ्यायचं ठरलंय. आण्णांनी यादी केली होती ना? ती तुझ्याकडे संगणकात आहे म्हणे."

आण्णा म्हणजे आमचे थोरले काका. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. २०११ साली गेले. यादी त्यांनी केली होती हे खरं, आणि ती माझ्याकडे आहे हेही खरं. मी अगदी ऐटीत सांगितलं, "आहे की! बॅकअप घेऊन ठेवलाय मी. उद्याच पाठवतो."

तो 'उद्या' उगवायला पुढे पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांची ही कथा.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, सास्तूरच्या बाजूला. तेव्हा तो भाग उमरगा तालुक्यात होता, लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमलेले लोक झोपलेले, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. आपल्याकडची घरं दगडमातीची, भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर माती टाकायची रीत, म्हणजे वर्षागणिक डोक्यावरचं ओझं वाढतच गेलेलं. भिंतींत दगड होते, पण त्यांना धरून ठेवणारी फक्त माती. झोपेतच सगळं अंगावर आलं.

नंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. सगळ्यांत जास्त पडझड झालेली ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागेवर वसवली. आमचं त्यातलंच. सरळ रुंद रस्ते, चौकटीत आखलेले प्लॉट, सिमेंटची घरं. घर मिळालं, पण शेजार मिळेलच असं नव्हतं. आण्णांचं म्हणणं होतं, "गाव नवं झालं ते चांगलंच झालं रे. पण कोण कुणाच्या भिंतीला भिंत लावून होतं, हे आता कुणाला सांगता येणार नाही." म्हणून त्यांनी एक दोनशे पानी वही केली. वेशीपासून सुरुवात, मग गल्लीगल्लीने, घरामागून घर. घरात कोण कोण होतं, कोण गेलं, कोण राहिलं. नुसती मृतांची यादी नव्हती ती, सगळं जुनं गावच होतं.

पुढे माझ्याकडे संगणक आला, तेव्हा सुट्टीत येऊन आण्णांनी ती वही स्वतः टंकून काढली. टंकलेखनाचा क्लास त्यांनी तरुणपणी केलेला, त्यामुळे मराठी टाइपरायटरची बोटं बसलेली होती. २००४ साली तो संगणक फॉरमॅट करायची वेळ आली, तेव्हा मी शहाण्यासारखा बॅकअप घेतला आणि सीडीवर मार्करने लिहिलं, 'गाव – आण्णा – बॅकअप'. वही पुढे एका पावसाळ्यात भिजली आणि उरलीसुरली वाळवीने खाल्ली. आम्ही हळहळलो, पण फार नाही. सीडी होती ना!

मंडळी, इथून पुढे जरा तांत्रिक आहे, पण सोसा.

सीडी सापडली, चकाकत होती, लागलीही. (सीडी लावायला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आधी विकत आणावा लागला, ते सोडा.) माझ्या संगणकावर गेली कित्येक वर्षं लिनक्स आहे. उघडून बघतो तर आत आण्णांच्या धारिका नाहीतच. एकच मोठी धारिका, शेपूट बीकेएफ. तेव्हा मी धारिकांची नक्कल केली नव्हती. संगणकातल्या बॅकअपच्या सोयीने एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. गाठोडं आणि नक्कल यांतला फरक मला तेव्हा कळला नव्हता, चूक शंभर टक्के माझी.

या गाठोड्यांचा इतिहास मोठा मजेशीर आहे. बॅकअप ही मुळात चुंबकीय फितीच्या, म्हणजे टेपच्या जमान्यातली गोष्ट. फितीवर पुढेमागे उड्या मारता येत नाहीत, म्हणून सगळ्या धारिका एकामागे एक गुंफून एकच लांबलचक माळ करायची. विंडोज ९५ आणि ९८मधल्या बॅकअपची धारिका क्यूआयसी शेपटाची असायची. ही तीन अक्षरं म्हणजे 'क्वार्टर इंच कार्ट्रिज', पाव इंच रुंदीची टेप. विंडोज २००० आणि एक्सपीमधला बॅकअप बीकेएफ शेपटाचा, त्याच्या रचनेचं नावच 'मायक्रोसॉफ्ट टेप फॉरमॅट'. टेप घरात कुणाकडेच नव्हती, पण रचना टेपची. आणि ९८चं गाठोडं एक्सपीच्या बॅकअपला सोडता येत नव्हतं. पुढे २००७ साली व्हिस्टा आली, तेव्हा बीकेएफ सोडवणारी सोयही आतून काढली गेली, ती वेगळी उतरवून घ्यावी लागे. म्हणजे एकाच घराण्यातल्या तीन पिढ्या, पण नातवाला आजोबांची गाठ सुटत नाही.

याच्या उलट युनिक्सकडचं 'टार'. नाव तेच, 'टेप आर्काइव्ह'चं संक्षिप्त रूप. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आलं. आज लिनक्स असो, मॅक असो, नवं विंडोज असो, सगळीकडे सुटतं. तसंच १९८९ साली आलेलं फिल कॅट्झचं झिप. त्यात काही जादू नाही. गाठ कशी मारली आहे हे या लोकांनी सगळ्यांना सांगून टाकलं, म्हणून ती सोडवणारी साधनं कुणालाही लिहिता आली. माझ्या बीकेएफ गाठोड्यालासुद्धा शेवटी असाच एक वाली भेटला. एमटीएफटार नावाची छोटी आज्ञावली आहे, ती बीकेएफचं टार करून देते. लिनक्सवर ती चालवायला मला दोन रविवार लागले, आणि शेवटी आण्णांच्या अकरा धारिका समोर आल्या. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, वेशीबाहेरची वस्ती वगैरे. मी घरात ओरडलोच! बायको म्हणाली, "आता तरी जेवायला या."

जेवून आलो आणि पहिली धारिका उघडली. आत इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टोपी घातलेली फ्रेंच अक्षरं, अधूनमधून प्रश्नचिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही.

जुन्या अनुदिनीकारांना हे दृश्य पाठ असेल. नव्या मंडळींसाठी सांगतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. ती आपल्याच सरकारी इस्की मानकाच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. १९९१ सालीच भारतीय मानक म्हणून नवं इस्कीही आलं. म्हणजे कागदावर सगळं तयार होतं. पण सामान्य माणसाच्या संगणकात मराठी आली ती वेगळ्या वाटेने. पुण्याच्या सीडॅकचं आयएसएम, श्रीलिपी, आकृती आणि असंख्य लहानमोठे टंक. यांनी त्या काळात मराठीसाठी फार मोठं काम केलं, पत्रिका, पुस्तकं, वर्तमानपत्रं यांच्यावरच निघत. पण बहुतेकांची युक्ती एकच. संगणकाला सांगायचं की हे इंग्रजी अक्षर आहे, आणि त्या जागी चित्र मात्र मराठी दाखवायचं. एकाच्या टंकात जिथे काना, तिथे दुसऱ्याच्या टंकात अर्धा स. टंक असेल तर मराठी, नसेल तर ही टोपीवाली फ्रेंच. विंडोज २०००मध्ये 'मंगल' टंक आला, एक्सपीमध्येही होता, पण त्यात नियंत्रणकक्षात जाऊन एक खूण करून मूळ सीडी घालायला लागायची, नाहीतर चौकोनच चौकोन. आठवतंय ना? किती जणांना आपण फोनवरून ती खूण करायला शिकवली असेल!

आण्णांनी कुठला टंक वापरला होता त्याचं नाव धारिकेत होतं. पण टंक स्वतः कुठे होता? मी बॅकअप घेतला तो फक्त 'माय डॉक्युमेंट्स'चा. टंक राहतो विंडोजच्या वेगळ्या कप्प्यात. पोथी आणली, चष्मा मागेच राहिला.

तो टंक शोधण्यात दीड महिना गेला. शेवटी तुळजापुरातल्या एका डीटीपीवाल्या मित्राकडे मिळाला. लग्नपत्रिकांसाठी तो अजून तोच वापरतो. म्हणाला, "तुमच्या युनिकोडला अशी वळणदार वेलांटी येत नाही हो." मी वाद घातला नाही :)

आता टंक होता, पण नुसता टंक टाकून भागणार नव्हतं. कोरणाऱ्याला, नातेवाइकांना, पुढच्या पोरांना वाचता यावं म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणायला हवं. म्हणजे दरेक चित्राला कुठलं अक्षर, याचा तक्ता करायचा. त्यातही गंमत आहे. त्या टंकांत अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने लिहिलेली असतात. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आपण बोलतो तसं, आधी क, मग वेलांटी. 'सर्व' लिहिताना टंकात रफार शेवटी, युनिकोडमध्ये र हा व च्या आधी. शिवाय 'दुसऱ्या'मधला तो मिशीसारखा अर्धा र, तो हिंदीत नाहीच, म्हणून हिंदीसाठी बनवलेल्या तक्त्यांत तो हमखास राहून जातो. संध्याकाळी एक तास असं करत करत तक्ता केला, छोटी आज्ञावली लिहिली आणि एका रात्री अकराच्या अकरा धारिका मराठीत वाचता आल्या.

झालं एकदाचं, असं वाटलं. चुलतभावाला पाठवणारच होतो.

वाचताना एक गोष्ट खटकत होती. आण्णांनी सगळीकडे 'गली' लिहिलं होतं. पहिली गली, माळ्याची गली. मी मनातल्या मनात त्याचं स्पष्टीकरणही देऊन टाकलं. आपला भाग निजामाचा, बोलण्यात उर्दू-दखनी शब्द, आण्णा उर्दू शाळेत शिकलेले, लिहिलं असेल 'गली'. इतिहासाची आवड असली की माणूस चुकीलाही इतिहास चिकटवतो, तो असा.

मग तिसऱ्या धारिकेत एका नोंदीत 'किलारी' दिसलं. 'सून किलारीची'. आता मात्र मी ताठ बसलो. आण्णा मास्तर होते. आमच्या पंचक्रोशीतला कुठलाही माणूस किल्लारी हे नाव चुकीचं लिहिणार नाही, १९९३ नंतर तर नाहीच नाही. म्हणजे 'गली' ही गल्ली होती. आणि मग त्या यादीतले मलिनाथ हे मल्लिनाथ, कलप्पा हे कल्लप्पा, मलाप्पा हे मल्लाप्पा. कर्नाटकाच्या सीमेवरचं गाव आमचं, अशी नावं घरटी एक. सगळ्या यादीतून अर्धा ल नाहीसा झाला होता, आणि कुठेही प्रश्नचिन्ह नव्हतं, चौकोन नव्हता, मोकळी जागा नव्हती. शब्द बरोबर दिसत होते, फक्त माणसं वेगळी झाली होती.

कारण शोधायला आठवडा लागला. संगणकाच्या जुन्या पद्धतीत एका अक्षराला २५६ जागा. त्यातल्या १२८ ते १५९ या ३२ जागांवर विंडोजच्या पाश्चात्त्य संकेतात बहुतेक ठिकाणी दिसणारी चिन्हं आहेत. पण युनिक्सवाले जो आयएसओ संकेत वापरत आले, त्यात त्याच ३२ जागा न दिसणाऱ्या नियंत्रणखुणांसाठी राखलेल्या. आमच्या टंकाने अर्धा ल नेमका त्यांतल्या एका जागेवर बसवलेला. मी लिनक्सवर धारिका वाचताना दुसरा संकेत धरला, आणि 'न दिसणाऱ्या खुणा काढून टाक' अशी आज्ञा स्वतःच्या हाताने लिहिली होती. आज्ञावलीने इमानाने अर्धा ल काढून टाकला. मूळ सीडीला हात लावला नव्हता म्हणून वाचलो. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं, या वेळी बरोबर संकेत धरून.

त्या रात्री झोप लागली नाही. 'किलारी' दिसलं नसतं तर? आपण तीच यादी पाठवली असती आणि कोरणाऱ्याने दगडात 'मलिनाथ' कोरलं असतं. त्याच्या घरचं कुणी उरलं असेल-नसेल. हरवलेलं कळतं हो, पण थोडंसं बदलून परत आलेलं कळत नाही. परत आलं याच्याच आनंदात आपण असतो.

मग वाटलं, हा खेळ आपल्या जिल्ह्याला नवा आहे का? मुळीच नाही. आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात मोडीतले कागद आहेत, दोनचार कागद फारसी-उर्दूतले. आजोबांना मोडी वाचता यायची, आण्णांना थोडी, मला अजिबात नाही. कागद धड आहे, शाई धड आहे, म्हणजे बॅकअप शाबूत आहे. फक्त तो उघडणारी 'आज्ञावली' १९७८ साली आजोबांबरोबर गेली.

आपल्या भागाची 'कार्यप्रणाली' किती वेळा बदलली बघा. नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाने १८५३च्या तहात इंग्रजांकडे सोपवला. तेव्हा नळदुर्गला कारभार पाहायला होता तो मेडोज टेलर, ठगांवरची कादंबरी लिहिणारा. १८६०मध्ये मुलूख निजामाकडे परत. निजामाच्या दरबारची भाषा आधी फारसी, मग एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात उर्दू. खालचा गावकीचा व्यवहार मराठीत, पण लिपी मोडी. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद भारतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. सगळं देवनागरीत होऊ लागलं आणि मोडी शाळांतूनही त्याच सुमारास गेली. १९८२ साली जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला, दप्तरं वाटली गेली. आणि २०२३ साली उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं.

दर खेपेला कागद पुढच्या राजवटीकडे गेले, पण वाचणारे सगळे गेले नाहीत. त्याच २०२३च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरायचं नाही. पण तेव्हा एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की दप्तरखान्यात कागद आहेत आणि ते मोडी-उर्दूत आहेत. मग मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. एरवी छंद म्हणून मोडी शिकणाऱ्या माणसाला अचानक किंमत आली!

आणि मोडीचं देवनागरी करणं हेही माझ्या टंकासारखंच. मोडीत आधी ओळ आखायची आणि अक्षरं तिला टांगत जायची, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाहीच. म्हणजे वेलांटी पहिली की दुसरी, शब्द कुठे तुटतो, हे वाचणाऱ्याने स्वतःच्या माहितीतून भरायचं. त्याला गावं, घराणी, शेतांची नावं माहीत असतील तरच बरोबर भरेल. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही जागा मिळाली, आनंदच आहे. पण संकेत मिळाला म्हणून वाचता येत नाही. तिथेही कुणीतरी 'किलारी' बघून थबकणारा हवा.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने सगळ्या मुलखाची पाहणी करून 'डोम्सडे बुक' करवलं. त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त १९८६ साली बीबीसीने लाखो लोकांकडून गावोगावची माहिती, फोटो जमवून लेझर डिस्कवर नवं डोम्सडे केलं. पंधरा-सोळा वर्षांत ते वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली आणि २००२ साली संशोधकांना ते वाचवायला खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. चामड्यावरचं नऊशे वर्षांपूर्वीचं मूळ पुस्तक मात्र अजून वाचता येतं. आमची वाळवी तिकडे नसेल बहुतेक.

असो. यादी बरोबर झाली याची खात्री संगणक देऊ शकत नव्हता, हे मला 'गली'ने शिकवलं होतं. ती खात्री देणारं एकच माणूस उरलं होतं, आमची आत्या. वय ऐंशीच्या पुढे, लग्न गावातल्या गावातच झालेलं, त्यामुळे सगळं आयुष्य त्याच गल्ल्यांत गेलेलं. भूकंपाच्या रात्री ती सोलापूरला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून राहिली.

तिला फोन लावला. म्हटलं, "आत्या, आण्णांची यादी वाचून दाखवतो, चुकलं तर सांग."

"वाच की. बसलेय मी."

रोज संध्याकाळी एक गल्ली. मी वाचायचो, ती 'हं' म्हणायची. 'हं' नाही आला की थांबायचं. कुठे आण्णांचीच चूक निघाली, दोन घरांचा क्रम उलटा. कुठे ती नुसती नाव ऐकून त्या घरची सगळी कथा सांगायची, कुणाची म्हैस मारकी, कुणाच्या माळवदावर पापड वाळत घालायचे. कधी बराच वेळ काहीच बोलायची नाही, मीही थांबून राहायचो.

सातव्या धारिकेत एका घरात पाच ओळी होत्या. चार नावं आणि पाचव्या ओळीत नुसती आडवी रेघ, पुढे 'गेले'. मी आधीच खूण करून ठेवली होती की इथे काहीतरी हरवलंय, मूळ धारिकेत पुन्हा शोधायचं. मी तीनदा शोधलंही होतं, दुसऱ्या संकेताने, एकेक आकडा तपासून. रेघच होती.

आत्याला म्हटलं, "इथलं एक नाव माझ्याकडून हरवलंय बघ. संगणकात काहीतरी गडबड झालीय."

ती म्हणाली, "हरवलं न्हाई रे. लेकरू व्हतं, धा दिवसाचं. बारसं व्हायचं व्हतं."

त्यानंतर आम्ही दोघंही काही बोललो नाही. फोन तसाच चालू होता.

यादी गेली गावाला. शीर्षकात आण्णांनी 'जि. उस्मानाबाद' लिहिलं आहे, ते मी बदललं नाही. त्यांनी लिहिलं तेव्हा जिल्ह्याचं नाव तेच होतं. आणि ती रेघही तशीच ठेवायला सांगितली. चुलतभावाने कोरणाऱ्याला समजावून सांगितलं.

नंतर आणखी एक लहानशी गंमत. अमेरिकेतल्या भाच्याला अकरा धारिका पाठवल्या, त्याने त्याच्या जुन्या मॅकवर ठेवून परत पाठवल्या, तर माझ्याकडे 'दुसऱ्या गल्लीची यादी' शोधून सापडेना. डोळ्यांना दिसतेय, पण शोधाला सापडत नाही! मॅकच्या जुन्या पद्धतीत धारिकेच्या नावातला ऱ सुटा करून, र आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत साठवतात. दिसायला एकच, आकडे वेगळे. पण आता मी घाबरत नाही, आता मला 'किलारी'ची सवय झालीय.

जाता जाता, मी आता काय करतो ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं. जे जपायचं ते साध्या युनिकोड मजकुरात ठेवतो, गाठोड्यात नाही. गाठोडं बांधायचंच तर टार किंवा झिप. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक छापील प्रत, चांगल्या कागदावर. आणि मुख्य म्हणजे, वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्याच संगणकावर, दुसऱ्याच प्रणालीवर उघडून बघतो आणि थोडा वाचतो. नुसता उघडून भागत नाही, वाचायला लागतो. दिवसही ठरवलाय, खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे लोहार भात्याला, शेतकरी नांगराला, ड्रायव्हर गाडीला हळदकुंकू वाहतो. मी संगणकाला झेंडूचं फूल वाहतो आणि आण्णांची यादी उघडतो.

मागच्या खंडेनवमीला मुलगी शेजारी येऊन बसली. सातवीत आहे. म्हणाली, "बाबा, ही रेघ का आहे इथे? फाइल खराब झालीय का?"

तिला सांगितलं सगळं. आता ते जाणणारे आम्ही दोघं झालो.

आजोबांच्या पेटीतले मोडी कागद अजून तसेच आहेत. येत्या उन्हाळ्यात मोडीचा वर्ग लावायचं चाललंय. कुणाला यायचं असेल तर कळवा, सोबत होईल.